न पेरलेलं

१० जुलै, गुरुवार

उपटणार नाही! लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या माझं मन डळमळलं तर वाचायला बरं.

मागच्या दारी न्हाणीच्या जुन्या चुलीचं जोतं आहे. त्यावर एक रोप आलंय. शेजारी दोन-तीन बारकी होती, ती पावसाने झोडपून आडवी झाली. हे एकच उभं आहे, वीतभर. मी लावलं नाही, आईंनी – म्हणजे सासूबाईंनी – लावलं नाही. आपसूक आलं. सकाळी आई वाकून ते उपटायलाच निघाल्या होत्या. म्हटलं, राहू दे की. तर म्हणे, "दारात कायपन वाढवू नको." पावसाळ्यात ह्या घराच्या भिंतीवरसुद्धा काहीबाही उगवतं, त्याला कधी हात लावत नाहीत. ह्यालाच का?

मी उरणची, मिठागरावरची. आमच्या अंगणात गवताची काडी उगवली तरी शेजारीण बघायला यायची. झाडातलं मला काही कळत नाही, पण आलेलं उपटायचं जिवावर येतं.

१३ जुलै

शेजारच्या कोकिळाताईंनी पान चोळून बघितलं. बोटांना बुळबुळीत लागलं. म्हणाल्या, "रानभेंडी हाय." मी म्हटलं, रानभेंडीला कुसं असतात, ह्याला नुसती मऊ लव आहे. म्हणाल्या, "मग रानभेंडी न्हाय." झालं! एवढ्यासाठी चहा पाजला.

१९ जुलै, शनिवार

भाऊजींचा फोन. कुलदीप भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, पनवेलला असतात. त्यांचा फोन म्हणजे आधी पाऊस, मग आईंची तब्येत, मग तेच.

"वहिनी, दिवाळीला सात वर्षं होतील. आमच्या लेकीचं, पूर्वीचं लग्न मार्गशीर्षात धरलंय. त्याच्या आधी दादाचं रीतसर करून घेऊ. लग्नघरात असं लटकत ठेवू नये."

रीतसर म्हणजे काय, तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला ह्यांचं नाव द्यायचं आणि जाळायचा. माणूस सापडला नाही की तसं करतात.

अरे, पण सापडला नाही म्हणजे मेला का? दिघीहून होडी समुद्रात गेली, चौघं होते. होडी सापडली. तिघं सापडले. हे नाही सापडले. बस, एवढंच माहीत आहे, मलाही आणि भाऊजींनाही. त्यांनी त्यातून एक अर्थ काढला, मी दुसरा काढला. त्यांचाच खरा कशावरून?

म्हटलं, "भाऊजी, माझं लग्न पानांशी नाही लागलेलं." आई शेजारीच बसलेल्या. फोनमध्ये ऐकू जाईल अशा ओरडल्या, "येल माझा पोर! कोन काय जाळतो ते बघते मी!" भाऊजींनीच फोन ठेवला.

ह्या घरात आम्ही दोघी एका बाजूला, बाकी गाव आणि गोतावळा दुसऱ्या बाजूला. माझं काही अडलेलं नाही.

२४ जुलै

गुडघ्याएवढं झालं.

२ ऑगस्ट

आज अंगणवाडीतून आले तर आई जोत्यापाशी विळा घेऊन. मला बघून विळा मागे लपवला. ह्या वयात! मी झाडाभोवती चार काठ्या रोवल्या आणि जुन्या साडीची पट्टी बांधली. आता हात लावायचा तर पट्टी सोडावी लागेल, आणि आईंची बोटं आता गाठी सोडायच्या कामाची राहिली नाहीत. दुष्टपणा आहे, ठाऊक आहे. त्यांनी तरी सांगावं ना, का एवढा राग त्या झाडावर!

८ ऑगस्ट, शुक्रवार

फूल आलं! पांढरं, आतून फिकट जांभळं, घंटेसारखं खाली लोंबतं. एक भुंगा सरळ आत शिरला आणि बूड हलवत बाहेर आला. किती वेळ बघत बसले. भात करपला.

कुणाला सांगणार नाही, इथेच लिहिते. हे झाड न बोलावता आलं. कुणी वाट बघत नव्हतं, तरी आलं. मग ज्याची एवढी वाट बघतेय तो माणूस का नाही येणार? कुणाला वेडगळ वाटत असेल तर वाटो. माझी वही आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

पूर्वी आली होती. भाऊजींची लेक, पण माझ्यावर गेलीय, तोंडाने फटकळ. मोबाइलवर झाडं ओळखायचं ॲप आहे म्हणाली. भुरभुर पावसात छत्री मी धरली, फोटो तिने काढला. तोही हलला. ॲप म्हणतं – डिजिटॅलिस!

"काकी, हे युरोपमधलं आहे यार. थंड डोंगरात होतं. ह्याचं हार्टचं औषध बनतं."

युरोपातून आमच्या न्हाणीवर! मी म्हटलं, एवढ्या लांबून आलंय तर पाहुणचार करायलाच हवा. दोघी हसलो. तेवढ्यात तिने पुढचं वाचलं – विषारी. म्हटलं, हे बापाला सांगू नकोस. "नाही सांगत," म्हणाली. जाताना मला मिठी मारून म्हणाली, "काकी, माझ्या लग्नासाठी काकांचं काही करू नका हां. मला काय फरक नाही पडत." ह्या घरात तीच एक शहाणी निपजली.

२४ ऑगस्ट, रविवार

सांगितलंच तिने! पोटात काही राहत नाही पोरीच्या.

गणपतीआधीची साफसफाई म्हणून भाऊजी गवत कापायचं मशीन घेऊन आले. पुढचं अंगण केलं, माडांची आळी केली, आणि मशीन घुरघुरवत मागच्या दारी. मी जोत्यापुढे जाऊन उभी राहिले.

"वहिनी, बाजूला व्हा. विषारी झाड आहे ते."

"मी कुठे भाजी करून वाढलीय तुम्हाला?"

"नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि राखत काय बसलात!"

"नाव कळलं की ठरवीन. तोवर ते इथेच राहणार."

मशीन बंद करीनात. मीही हलेना. गवताचे तुकडे माझ्या पायांवर उडत होते. आणि आई काय म्हणाल्या? दारातून म्हणाल्या, "कापू दे गो त्याला. कशाला झाडासाठी भांडतेस?"

आई! भाऊजींच्या बाजूने! सात वर्षांत पहिल्यांदा. मला इतका राग आला की त्यांच्यावरच खेकसले – तुम्हालाही आता मी जड झाले का? त्या आत निघून गेल्या. भाऊजींनी मशीन बंद केलं. झाड उभं आहे. पण आज जिंकल्यासारखं काही वाटत नाही.

१ सप्टेंबर, गौरीपूजन

सगळ्या बायका जमल्या होत्या. जाऊबाई, म्हणजे रचना, हळदीकुंकू लावत लावत माझ्यापाशी आली आणि बोट कुंकवातच राहिलं. मागून कुणीतरी खाकरलं. तिचा दोष नाही, ती भित्री आहे. पण मी नाही. करंडा तिच्या हातातून घेतला आणि माझं मी लावलं. नेहमीपेक्षा मोठं लावलं! आणि घावन-घाटल्याचं पान सगळ्यांच्या मधोमध बसून जेवले. एक मावशी म्हणाल्या, "सुचिताची छातीच मोठी." म्हटलं, मावशी, असू दे. लागते.

झाडाला आता बोंडं धरलीत. उभी, खोडाला चिकटून, चार शिरांची. ह्यात बी असणार. बी बघितलं की कळेल कोण ते.

९ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. आजूबाजूला घरोघरी भाजणीचे वडे, खीर, कावळ्यांची हाकाहाक. भाऊजींनी फोनवर निर्णयच सांगून टाकला – सर्वपित्रीला भटजी घेऊन येतो, पळसाची पानंही मीच आणतो, तुम्ही काही करू नका, नुसत्या बसा.

नुसती बसते! मी जिवंत माणसाला जाळत बसू?

ह्या वेळी आई काहीच ओरडल्या नाहीत. पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. थकल्या असतील. एकटीला भांडावं लागलं तरी भांडेन.

१५ सप्टेंबर, सोमवार

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

सकाळी खालचं एक बोंड तपकिरी होऊन टोकाशी उकललेलं दिसलं. तळहातावर झटकलं. तीळ! साधे तीळ. काळे. आधी इतकी हसले! ॲपचं युरोप, कोकिळाताईंची रानभेंडी, भाऊजींचं विष – आणि हे तीळ! भाऊजींना फोन लावायला निघालेच होते.

मग हसू गेलं.

आमच्या घरी लाडवाला पांढरे तीळ येतात. काळे येत नाहीत. काळे तीळ लागतात ते एकाच कामाला. गेल्यांना पाणी सोडायला. ह्या गावात तीळ कुणी पेरत नाही, भात आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नाचणी-वरी, बस. मग त्या जोत्यावर तीळ आले कुठून? मामंजींचं श्राद्ध म्हणावं तर ते भाऊजी पनवेलला करतात.

आई पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्यापुढे मूठ उघडली. त्यांनी तीळ बघितले, मला बघितलं, आणि सूप खाली ठेवलं.

"कवापासून?" मी विचारलं. माझ्याही तोंडात त्यांचीच भाषा आली.

"तिसऱ्या वर्षापासून. दर अवसेला. तू अंगणवाडीत गेलीस की."

मी काय काय बोलले ते लिहवत नाही. तुम्ही येल येल म्हणत माझ्या बाजूने ओरडायचात आणि मागच्या दारी मुलाला पाणी सोडत होतात? मला एकटीला वेडी करून ठेवलंत? मग भाऊजींना म्हणायचं होतं, जाळ म्हणून! सगळ्यांदेखत म्हणायचं होतं! शेजारी ऐकत असतील, ऐकू देत.

आई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भांडले ती तुझ्यासाठी. पानी सोडला ता त्याच्यासाठी. जिता असल तर पानी वाया गेला, एवढाच. पन गेला असल, आनि तहानलेला असल तर? मी आय हाय गो त्याची. मना झोप कशी लागंल?"

मी उठून मागे गेले. झाड उपटायलाच गेले होते. पट्टीची गाठ सुटेना. तिथेच बसले.

१६ सप्टेंबर

बोलले नाही. जेवण वाढलं, बोलले नाही.

१८ सप्टेंबर

आज बोलले. विचारलं, पाणी सोडताना काय म्हणता?

"काय म्हननार? बायामानसांना मंत्र कोन शिकवतो? अंगठ्यावरनं पानी सोडते, म्हनते माझ्या पोराला मिलू दे."

"नाव घेता?"

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "नाव न्हाय घेत. नाव घेतला की गेलाच तो. जीभ उचलत न्हाय."

"मग नाव न घेता पोचतं का?"

"तीच तर धाकधूक हाय," म्हणाल्या आणि आता रडल्या. ज्या बाईने अख्ख्या गावाला गप्प केलं ती पोरासारखी रडली. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी सात वर्षं वाट बघितली, म्हणजे मीच काय ती झुंजले असं समजत होते. ही बाई वाटही बघत होती आणि पाणीही सोडत होती. दोन्ही एकटीने.

झाड त्या का उपटत होत्या तेही आज बोलल्या. "तुला कललाच असता." कळलं ते बरंच झालं, आई.

२० सप्टेंबर, शनिवार

भाऊजींना फोन केला. भटजी नको, पानं नको, उद्या येऊही नका. पुतळा होणार नाही. उद्या नाही, पूर्वीच्या लग्नाआधी नाही, कधीच नाही. ह्यांना आम्ही आग लावणार नाही.

"मग करणार काय तुम्ही दोघी?"

"ते आमचं आम्ही बघू."

"बायकांनी केलेलं चालत नाही, वहिनी."

"नाही चाललं तर आमचं नाही चालणार. तुमचं काय जातंय?" ह्या वेळी फोन मी ठेवला.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

सकाळी आई तांब्या घेऊन मागच्या दारी गेल्या. मी बरोबर गेले. दक्षिणेकडे तोंड करून दोघी बसलो. आईंच्या ओंजळीत पाणी, पाण्यात तीळ. नावापाशी त्या थांबल्या.

नाव मी घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आजच. कोकिळाताई कुंपणापलीकडे उभ्या होत्या, त्यांनाही ऐकू गेलं असेल इतक्या मोठ्याने घेतलं.

अजित.