खडीवरचा पगार

गुरुवार, १८ जानेवारी १९७३

दिवाळीपासून पगार नाही. आज पुन्हा मागितला, तर संस्थेचे सेक्रेटरी म्हणतात, "बाई, शिकवणं ही सेवा असते." सेवा! मग यांच्या जीपमध्ये पेट्रोल काय पुण्याईचं?

तशीच तणतणत गंगूच्या घरी गेले. माझ्या सातवीतली सर्वांत हुशार मुलगी, शाळा सोडून दुष्काळी कामावर खडी फोडते. म्हटलं, "शाळेत ये गं. मी नाही का झाले घरातली पहिली ग्रॅज्युएट?"

तळहाताचे फोड लपवत ती म्हणाली, "बाई, तुमीच या ना खडीवर. तिथं दर बाजाराला पगार मिळतो."

थट्टा नव्हती ती. तिला माझी दया आली होती.

सेवा म्हणे! उद्या सेक्रेटरींच्या ओसरीवर जाऊन बसणार, पगार हातात पडेपर्यंत. शिकलेल्या बाईचं पोट भरतं हे दाखवल्याशिवाय गंगूला कुठल्या तोंडाने परत बोलावू?