सरजाबाईची घागर

१८ जून
अखेर अहमदपूर! आधी विमान, मग मनमाडहून छोट्या रुळावरच्या गाडीनं नांदेड आणि शेवटी एसटी. अंगावरची धूळ झटकली तर एक वाफा भरेल. कॉलेजचे कारकून शिवमूर्ती स्टँडवर घ्यायला आले होते. मॉरिशसचा विद्यार्थी बघायला सगळा स्टाफ जमला, आणि माझा चेहरा त्यांच्या एखाद्या मेहुण्यासारखाच निघाला म्हणून स्टाफ जरा हिरमुसला. मी मराठीत बोललो तेव्हा मात्र टाळ्या पडल्या. पणजोबांची ही भाषा आम्ही तिकडे संध्याकाळच्या बैठकीत शिकतो. इथं बी.ए.ला तीच घेतली आहे.

गावाबाहेरच्या वाडीत उमाबाईंकडे खोली मिळाली. साठीच्या आहेत, एकट्या राहतात, बोलायला एकदम मोकळ्या. त्यांच्या ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तर म्हणाल्या, "रडू नगा पाव्हणं, दुष्काळात पानी वाया जातंय." त्यांच्या दोन्ही तळहातांवर आडवा गुळगुळीत वळ आहे. दोर ओढून झालाय म्हणे. मला इथं आवडणार.

२० जून
मृग कोरडा गेला. वाडीला एकच विहीर आणि तिच्या तळाला एकच झरा. दोराला धरून खाली उतरायचं, वाटीवाटीनं घागर भरायची. दोरानं आधी घागर वर जाते, मग माणूस. दिवसाला जेमतेम वीस घागरी होतात, म्हणून रांगेत माणसं थांबत नाहीत, घागरी थांबतात.

उमाबाईंनी दिलेली घागर घेऊन सकाळी गेलो. शेवटी एक पोचे पडलेली काळपट घागर होती, तिच्यामागे माझी ठेवली. पण नंतर आलेल्या बायकांनी आपापल्या घागरी तिच्यापुढे नेऊन लावल्या. दुसऱ्याची बारी खाऊ नये, हे आईनं लहानपणापासून डोक्यात भरवलंय. मी ती काळी घागर उचलून त्या सगळ्यांच्या पुढे, तिच्या हक्काच्या जागी ठेवली आणि तिच्यामागे माझी. बायका दोन पावलं मागे सरल्या. एक तर घागर तिथंच टाकून घरी गेली.

२१ जून
सरजाबाईच्या त्या काळ्या घागरीला हात कुणी लावला, असं उमाबाईंनी विचारलं. मी, म्हणालो. इथला रिवाज असा, की आपली घागर आपणच सरकवायची, आणि दुसऱ्याची सरकवली तर ती आपणच भरून द्यायची. मी हसून म्हणालो, देईन की भरून. तव्यावरची भाकरी करपली तरी उमाबाई तशाच बसून होत्या.

२३ जून
शहाणपणा केला. बारीची वाट कशाला बघायची, म्हणून घरच्या रांजणातलं पाणी नेऊन त्या घागरीत ओतलं. दुपारी पाहिलं तर घागर कोरडी ठणठणीत, कुठं चीर नाही. घरी आलो तर रांजणही कोरडा.

तिला आता कुणी हात लावत नाही. तरी ती रांगेबरोबर पुढे सरकते, आणि माझी तिच्यामागे.

२४ जून
वर्गात माझ्या पुढच्या बाकावर चांगुणा बसते, बौद्ध वस्तीतली. सरजाबाईचं नाव काढताच तिचं लिहिणं थांबलं. सरजाबाई तिची आई.

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात चांगुणा सात वर्षांची होती. यांच्या वस्तीच्या घागरी रांगेबाहेर, सगळ्यात शेवटी ठेवायच्या, आणि वरच्या जातीच्यांना दया आली तर त्यांनी वरून पाणी ओतायचं. त्या दिवशी दुपारपर्यंत कुणी ओतलं नाही. तेव्हा आई स्वतःच खाली उतरली. अद्दल घडावी म्हणून कुणीतरी दोर वर ओढून घेतला, सांज झाली की सोडू म्हणाले. सांजेला सोडला, तर माय बोलंना. दोर कुणी ओढला ते तिला ठाऊक नाही.

मी काय करू, असं विचारलं. ती म्हणाली, "भरतो म्हनलास ना? मग भर की. माज्या मायची बारी कवा आलीच न्हाई."

या मुलखाचं मला फार कौतुक होतं. आज लाज वाटली.

२६ जून
पुढे चौदा घागरी.

पळायचं ठरवलं. शिवमूर्ती म्हणतात, लातूर जिल्हा नवा झालाय, परदेशी माणसाची फाइल उस्मानाबाद आणि लातूरच्या मधे अडकलीय, पासपोर्ट तिच्यातच. तालुका सोडू नका, पोलीस धरतील. तरी नांदेडच्या गाडीसाठी स्टँडवर गेलो. तिथल्या नळालाही घागरींची रांग. तिच्यात, माझ्या पायापाशी, ती. पोचे तेच —

परत आलो.

२७ जून
पुढे दोन.

विहिरीपासून माझ्या उंबऱ्यापर्यंत ओली पावलं. येतानाची. जातानाची नाहीत.

न विचारता उमाबाईंनी तळहात पुढे केले. त्या दिवशी दोर माज्या हातात व्हता, म्हणाल्या. खालून तिनं धरला होता, सोडत नव्हती, म्हणून हिसका दिला. खूप रडल्या. उद्या दोरावर मीच हुभी ऱ्हाते, या बारीला दोर टाकून जानार न्हाई, म्हणाल्या. मी विश्वास ठेवला. दुसरं करणार काय —

२८ जून, भर दुपार
तळाशी आहे. झरा वेळ लावतो, म्हणून खिशातली वही काढली. वर ताटलीएवढं आभाळ. उमाबाई दोराशी.

अर्धी झाली. मी एक वाटी ओततो, आवाज दोनदा होतो —

भरली. काठोकाठ. दोराला बांधली, ओढा म्हणालो. घागर वर गेली. कठड्यावर ठेवल्याचा आवाज आला. सुटलो —

दोर खाली येत नाही.

उमाबाई वाकून बघतायत. विचारतायत, पाव्हणं, तुमच्यापाशी कोन बसलंय. मी म्हणालो, कुणी नाही, दोर सोडा. वर जमलेल्या बायका ओरडत पळाल्या. उमाबाई हात जोडतायत. माझ्याकडे बघून नाही. माझ्या डावीकडे —

गेल्या. दोर कठड्यावरून लोंबतोय, हातभर. दिसतो. पुरत नाही.

खांद्याला काहीतरी गार टेकलंय. बाईचा आवाज, हळू. सांज झाली की सोडतेत म्हणाली. सांज व्हायला अजून किती, विचारतेय, किती —