चौथीच्या वर्गातला मलिदा

चि. धैर्यशील,

शेजारच्या आक्काचा आशीर्वाद. शाळेतल्या उद्याच्या सभेनंतर तो ठेवायचा का काढून घ्यायचा, ते बघू. मला अक्षर येत न्हाय. मी सांगते आणि माझी नात अनुजा लिहिते. व्हय, तीच बाई, जिला शाळेतनं काढा म्हणून तू अर्ज केलास.

तिनं चौथीच्या पोरांना विचारलं, तुमच्या घरी देवाचं काय काय करतात? काशिफनं रोजा सांगितला. तुझी ईश्वरी म्हणाली, आमची आजी मोहरमात पिराला चपाती-गुळाचा मलिदा करते. बाई "छान" म्हणाली, एवढाच तिचा गुन्हा. आणि तू म्हणतोस, पोरीला भलतं शिकवलं.

लेका, तू जगंनास म्हणून तुझी आई पिराला नवस बोलली. मिसरूड फुटेपर्यंत दर मोहरमात तू पिराचा फकीर व्हायचास. हिरवा सदरा घालून माझ्या दारात झोळी पसरायचास, आणि मलिदा कमी पडला की रुसायचास. सांगू उद्या सभेत?

इथं अनुजानं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "आजी, हे पाठवायचं न्हाय आणि बोलायचंबी न्हाय. बापाला चारचौघांत खाली बघायला लावलं, तर ईश्वरी परत वर्गात तोंड उघडंल का?"

"तुझी नोकरी जाईल की गं," मी म्हटलं. तिनं पेन परत उचललं.

तवा हे पत्र घरातच राहील. पण सभेला मी येणार. पुढच्या बाकावर बसणार, चकार शब्द बोलणार न्हाय. तुला जे बोलायचं ते माझ्याकडं बघून बोल.

तुझी शेजारीण,
आक्का