लिफ्ट पाहून घेतलेली खोली

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सगळे हिंडते-फिरते आहोत (आईचे गुडघे सोडून). तुझी पाठ कशी आहे? वडिलांच्या आजारपणातल्या त्या बोलाचालीला चार वर्षं झाली. तेव्हापासून तुझं पत्र नाही, फोन नाही, म्हणजे तब्येत ठणठणीत असणार असं मी धरून चालतो. आजारी माणूस निदान कळवतो तरी. वहिनींना नमस्कार.

सुट्टीत आम्ही त्या मोठ्या थीम पार्कला जाऊन आलो. आईलाही नेलं. ती निघाली ती पाळण्यांसाठी नव्हे, तू तिथे भेटशील म्हणून. हे वाचून तुला नवल वाटेल. त्याचा खुलासा शेवटी करतो, आधी राहण्याचं सांगतो, कारण सगळं तिथेच बिघडलं.

हिला खोलीत शेगडी हवी होती. धाकटीला खिडकीतून मोठा पाळणा दिसायला हवा होता. आईला काहीच नको होतं, आणि ज्याला काहीच नको असतं त्याची सोय लावणं सगळ्यात अवघड. मी पंचवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत आलोय. मी नऊ हॉटेलांना फोन केले आणि सगळीकडे एकच विचारलं, लिफ्टचे दोर शेवटचे कधी बदलले? सहा जणांनी फोन ठेवला. सातव्याने, तुम्हाला कोणी पाठवलंय, असं दरडावून विचारलं. आठव्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या, "काका, आमचं हॉटेल बैठं आहे, लिफ्टच नाही. पार्कचं फाटक समोरच आहे." मी त्यांचे आभार मानले आणि ते नाव खोडलं. (आईचे गुडघे, बैठी खोली, समोर फाटक. हे मला परतीच्या गाडीत सुचलं. हिला तेव्हाच सुचलं होतं, पण म्हणते, मला विचारलं कोणी?) नवव्याने मात्र दोरांची तारीख सांगितली, ब्रेकची सांगितली, तपासणीच्या दाखल्याचा फोटोही पाठवला. मला अगदी गहिवरून आलं. मी तिथेच अकराव्या मजल्यावरची खोली घेतली. पार्क तिथून बसने पाऊण तासावर आहे, हे विचारायचं राहून गेलं. खिडकीतून मोठा पाळणा अंगठ्याएवढा दिसे. धाकटी त्यावर अंगठा ठेवून तो झाकायची आणि माझ्याकडे बघायची.

लिफ्ट मात्र, दादा, खोटं सांगत नाही, देखणी होती. काचेची, इमारतीच्या बाहेरच्या अंगाने चढणारी. थांबताना पेल्यातलं पाणी हलणार नाही. पहिल्या सकाळी बसची पायरी आईला चढवेना, तेव्हा ती म्हणाली, तुम्ही जा. हिला आणि धाकटीला पाठवून मी थांबलो. आई लिफ्टमध्ये शिरली ती उतरेचना. वर जायची, खाली यायची. मला वाटलं, म्हातारीला हाच पाळणा आवडला, आणि माझ्या धंद्याचा मला जरा अभिमानही वाटला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "आजी, कितवा मजला?" आई म्हणाली, "जिथून बसचा थांबा दिसतो, तो." मग मला सांगू लागली की चौथ्यापर्यंत तोंडं ओळखू येतात, पुढे नुसती डोकी, पण त्याला मी चालण्यावरून ओळखेन.

असे तीन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला लिफ्टमध्ये खुर्ची दिली. लोकांना ती हॉटेलचीच वाटली. ते मजला सांगत, ती बटण दाबी आणि तेवढ्या वेळात त्यांना मुलंबाळं विचारून घेई. एका गृहस्थाने निघताना वहीत तिच्याबद्दल चांगला शेरा लिहिला. हॉटेलात बाकी कशालाच चांगला शेरा नव्हता.

तिसऱ्या दिवशी शेवटची बस रिकामी झाली तेव्हा ती म्हणाली, "काम निघालं असेल त्याचं." थोड्या वेळाने मला म्हणाली, "दोरांची चौकशी केलीस, पण त्याला पत्ता नीट दिला होतास ना?" मी हो म्हटलं. तिने खुर्ची स्वतः उचलून बाईंना परत केली.

घरी आल्यापासून ती तुझं नाव काढत नाही. तिने विचारण्यापेक्षा हे मला जड जातं.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. धाकटी विचारत होती, काकांना उंच पाळण्याची भीती वाटते का. तिने तुला शेवटचं पाहिलं तेव्हा ती तीन वर्षांची होती, तिला काय आठवणार, म्हणून मी म्हटलं, नाही.

ता. क. पत्ता मी तुला दिलाच नव्हता. कळवलंच नव्हतं. तू नाही म्हणाला असतास आणि ते आईला सांगावं लागलं असतं, म्हणून परस्परच तिला म्हटलं, दादा येतोय. वाटलं, गर्दीत विसरेल. रोज पूजेला बसतो तेव्हा देवापुढे हे कबूल करतो, आईपुढे धीर होत नाही. तेव्हा एक कर. तिला सांग की पत्ता मिळाला होता, पण बस चुकली. खोटं माझं आहे, पाप मला लागेल. फक्त हे तिला तूच सांगायला हवं, आणि फोनवर तिला अलीकडे नीट ऐकू येत नाही.