तांब्याचा आजचा भाव

२ जून, सोमवार
आजपासून तांब्या-पितळेच्या कंपनीत सेल्स एक्झिक्युटिव्ह! व्हिजिटिंग कार्डं आली. माझ्यात जातिवंत सेल्समन आहे हे जुन्या ऑफिसला कळलं नाही, त्यांचं नशीब. ही चिमुरडीला घेऊन माहेरी गेली आहे. जाताना एक शब्द बोलली नाही. मला नव्या कामात लक्ष घालता यावं म्हणूनच गेली असणार. समजूतदार आहे.
संकल्प: पहिली ऑर्डर मिळाली की टॅक्सी करून दोघींना आणायचं. तोवर सासुरवाडीला तोंड दाखवायचं नाही.

५ जून
साहेबांनी धंद्याचा पहिला धडा दिला. तांब्याचा भाव रोज हलतो, आपण सकाळी दिलेला भाव संध्याकाळी मेला. कोटेशनवर ‘फक्त आजपुरता’ लिहायचंच. मला नाही पटलं. गिऱ्हाईकही माणूसच ना? त्याला जरा उसंत नको?

१० जून
हिचा फोन. रविवारी न्यायला याल का, म्हणाली. आवाज बसलेला. सर्दी असावी. म्हटलं, अगं, ऑर्डर तोंडावर आलीय, आता कसा येऊ? मग फोन कट. नेटवर्कची बोंब.

१२ जून
मोटार रिवाइंडिंगच्या कारखान्यात गेलो. तांब्याच्या तारेचं कोटेशन दिलं. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: केव्हाही कळवा, भाव हाच राहील. मालकांनी कागद पुन्हा पुन्हा वाचला. स्वतः उठून चहा सांगितला. याला म्हणतात संबंध जोडणं.

१९ जून
अख्खा पलंग माझा. ऐसपैस झोपायची चंगळ. तरी आपला कडेलाच झोपतो. सवय, दुसरं काय.

२६ जून
ऑर्डर!!! तांबं कडाडलं आणि मालकांनी वर्षभराची तार एकदम मागितली, मी दिलेल्या जुन्याच भावाने. लेखी दिलेलं, कंपनीला नाही म्हणता येईना. साहेब डोकं धरून बसले. म्हणाले, उद्यापासून येऊ नका. माझी भरभराट बघवली नाही, झालं. पण ऑर्डर ती ऑर्डर. आता ताठ मानेने जाणार.

२९ जून, रविवार
सासुरवाडीला गेलो. टॅक्सी दारात थांबवून ठेवली. सासऱ्यांनी पाणी दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. हिला ऑर्डरचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुम्ही नाही म्हणालात, तरी त्या रविवारी बॅग भरून बसले होते. चिमुरडी प्रत्येक गाडीला बाबा आले, बाबा आले करत होती. आता तिला इथल्या शाळेत घातलंय.
म्हटलं, तू सावकाश विचार कर, मी केव्हाही येईन.
म्हणाली, माझा विचार झालाय.
टॅक्सीवाल्याने विचारलं, बाकीची माणसं कुठायत? म्हटलं, कोणी नाही, चला. आणि मला रडूच फुटलं.