ओल्डरबेकची पहिली शेजारीण

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दुरुस्ती. २४ जानेवारीच्या नोंदीत मी लिहिलं होतं, "ओल्डरबेक गावाला कसलाही वास नाही." हे चूक आहे. खोडत नाही. लहानपणी माझी शाळा म्हणजे आमची मालवाहू बोट, घडीचं टेबल आणि आई. तिने लॉगबुक लिहायला शिकवतानाच बजावलं होतं की चूक दिसली तर खाली तारीख घालून खरं ते लिहायचं; खाडाखोड करणारा माणूस एक दिवस बोट काठावर घालतो.

तर खरं ते असं. हिवाळाभर शेतात शेणाचा काला, म्हणजे पातळ शेणखत, टाकायला बंदी असते. मी घर पाहिलं ते बंदीच्या दिवसांत. काल बंदी उठली. मी नेमकी कालच खिडक्यांची मापं घ्यायला गेले, आणि शाळा सुटावी तसे सगळे ट्रॅक्टर एकदम बाहेर पडलेले. वास केसांत, मफलरमध्ये, डब्यातल्या पावात. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली बाई उठून दुसरीकडे बसली. घरी तीनदा डोकं धुतलं. अजून येतोय.

तरी घर घ्यायचंच. अठ्ठावीस वर्षांपैकी अठरा बोटीवर गेली, रोज सकाळी खिडकीत दुसरंच गाव. उरलेली झुत्फेन शहरात वडे-बटाटे तळणाऱ्या दुकानाच्या माथ्यावर, भाड्याच्या खोलीत. तिथे उशीलासुद्धा तेलकट वास. मला फक्त एक खिडकी हवी आहे, जिच्यातून उद्याही तेच झाड दिसेल.

योजना : खिडक्या बंद. माणसं एक, ओळखी शून्य.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

एजंट येल्मरबरोबर घर पुन्हा पाहिलं. विकणाऱ्या वोल्तरिंकबाई शहाऐंशीच्या. पुढच्या आठवड्यात वृद्धाश्रमात जातायत.

संडास. लिहायला नको वाटतं, पण लिहिलं पाहिजे. भांडं जुन्या पद्धतीचं, म्हणजे जे काही पडतं ते आधी फळीवर थांबतं, मालकाने नीट पाहून घ्यावं, मग पाणी सोडावं. भांड्याभोवती गालिचा. गालिचा! त्याचा मूळ रंग कोणता, हा विचार करायचा नाही असं ठरवलं, आणि बाराएक मिनिटं तोच विचार केला.

भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर. ते सगळ्यांच्याच संडासात असतं, आमच्या बोटीवरही आहे. पण यात त्रेचाळीस नावं, आणि मेलेल्यांची काढलेलीच नाहीत. नावापुढे क्रूस आणि दुसरी तारीख. म्हणजे रोज सकाळी या सगळ्यांच्या देखत बसायचं. नातीचा मित्र मात्र पेन्सिलने लिहिलेला. बाई म्हणाल्या, "त्याचं काही खरं नाही. लग्न झालं की शाई." मग म्हणाल्या, कॅलेंडर घराबरोबरच राहील. मी म्हटलं, वा, छान. (घर ताब्यात आलं की पहिल्या दिवशी काढणे.)

निघताना बाईंनी विचारलं, हारमनकडे जाऊन आलीस का? पलीकडचं घर, हारमन हेसेलिंक, एकटाच असतो. "घर घ्यायचं तर आधी तिथे जायचं, पोरी. कागद काय, नंतर होतात." येल्मर स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

शनिवारी जाईन. पाच मिनिटं. तीन वाक्यं लिहून ठेवली : मी शांत स्वभावाची आहे. मला येणंजाणं आवडत नाही. गैरसमज नसावा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

समोरच्या दाराची घंटा वाजवली. आतून कुत्रा भुंकला, मग घराला वळसा घालून एक उंच म्हातारा मागून धावत आला, एका पायात लाकडी बूट, आणि ओरडला, "कोण मेलं?"

इथे समोरच्या दारातून फक्त नवरी आत येते आणि शवपेटी बाहेर जाते. बाकी सगळं जग मागच्या दाराने. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. हारमनकाका म्हणाले, "नवरी दिसत नाहीस. म्हटलं मीच मेलो की काय, आणि मला सांगितलंच नाही कुणी."

स्वयंपाकघरात ओला कुत्रा बाकावर. दिव्याला गेल्या उन्हाळ्यातली माश्यांची चिकटपट्टी, माश्यांसकट. कुत्र्याने लोणी चाटलं. काकांनी चाटलेला भाग सुरीने काढून कुत्र्यालाच दिला आणि उरलेलं माझ्यापुढे ठेवलं. मग डुकराची मुंडी आणि कलेजी पिठात शिजवून केलेली काळी वडी, तव्यावर परतून. दोन खाल्ल्या. नाही म्हणायला गेलं की ते तिसरी वाढत होते.

तीन वाक्यांपैकी पहिलं म्हटलं. काका म्हणाले, बरं आहे, बडबड्या माणसाच्या हातून मयताचं काम धड होत नाही.

मग त्यांनी समजावलं. वोल्तरिंकबाईंचं घर हे काकांच्या घराचं पहिलं शेजारघर. त्या घरात जो राहील तो पहिला शेजारी, कागदावर असो नसो. पहिल्या शेजाऱ्याने मेलेल्याच्या घरातलं घड्याळ थांबवायचं, कुत्रा आपल्याकडे न्यायचा, दारोदार जाऊन बातमी द्यायची. काका म्हणाले, "बाई चालली वृद्धाश्रमात. मी मेलो तर सांगणार कोण? कुत्रा?" हे सगळं वडी चावत.

शेवटी ब्रँडीत भिजवलेल्या मनुकांचा वाडगा आणला. दोघांत एक चमचा. त्यांनी खाल्लं, चमचा जिभेने लख्ख केला, भरला आणि माझ्यापुढे धरला. विचारलं, "मग, होशील ना पहिली शेजारीण?" उत्तर द्यायला लागू नये म्हणून मी पटकन चमचा तोंडात घातला. तोंड भरलेलं असताना बोलू नये, ही आईची शिकवण.

त्यांनी पूर्ण नाव विचारलं, योरिंडे. जन्मतारीखही विचारली. ९ जून. वेळही सांगितली, सकाळी सहा वीस. अर्धवट माहिती देणं मला जमत नाही.

मौन म्हणजे संमती नव्हे. संमती लेखी लागते.

परिणाम (नोकरीत मी औषधांच्या खोक्यातल्या माहितीच्या चिठ्ठ्या तपासते, त्यातल्याच क्रमाने) : मळमळ, ढेकर, कोरडे उमासे. क्वचित : हसू. बसमध्ये एकदाच आलं. ब्रँडीमुळे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

करारावर सही केली. सही झालेली प्रत ११.४० ला हातात. आता कायद्याने विचार बदलायला तीन दिवस. मध्ये शनिवार-रविवार येतो, म्हणून येल्मरने हिशेब करून दिला : सोमवार, २ मार्च, रात्री बारापर्यंत. कारण द्यावं लागत नाही, एका ओळीची ईमेल पुरते.

इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं. या क्षणी माझ्याकडे घरही आहे आणि नकारही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळीच येल्मरचा फोन. अभिनंदन म्हणाला. कशाबद्दल? "चमच्याबद्दल, मॅडम!" वाडग्यातला चमचा घेतला की शेजारधर्म पत्करला, असं तिकडे समजतात. हारमनकाकांनी शनिवारीच गावच्या बेकरीतल्या पाववाल्या बाईंना सांगितलं. म्हणजे रविवारी चर्चमध्ये सगळ्या गावाला. वोल्तरिंकबाई म्हणे आज वृद्धाश्रमात निर्धास्त गेल्या.

एका उष्ट्या चमच्यावर! शिसारी आली. माणसाला असं फसवतात?

आईला फोन केला. ती एका कालव्याच्या फाटकात, बोट वर यावी म्हणून पाणी चढायची वाट बघत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं योरी, शेजार नको तर घर कशाला घेतेस? बोटीवर ये. शेजारी आवडला नाही की दोर सोडायचा. घराला दोर नसतो, बाई."

तिला यातलं काही कळत नाही. मी व्यवहार मोडणार आहे. ठरलं. पत्र लिहायला घेतलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्र चार पानं झालं, दोन्ही बाजूंनी. कारण द्यावं लागत नाही हे खरं, पण विनाकारण नकार देणं अप्रामाणिक. गालिचा, चिकटपट्टी, काला, चमचा, सगळं क्रमवार आलंय. वडीबद्दलचा परिच्छेद दोनदा लिहिला. पहिल्यांदा अन्याय झाला होता, परतल्यामुळे कडा कुरकुरीत झाल्या होत्या हे राहिलं होतं.

पाठवणारच होते. पण एकट्या म्हाताऱ्याला दुसऱ्याकडून कळणं बरं नाही. आधी तोंडावर सांगणार, मग पाठवणार. उद्या. मागच्या दाराने.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं नाही. कारण मी नव्हे, परिस्थिती.

काकांच्या गोठ्यात आठ बायका वर्तुळ करून बसलेल्या, मांडीवर लाल-पांढरा कागद. १ एप्रिलला मला नोटरीकडे किल्ली मिळणार, त्या दिवशी माझ्या दारावर स्वागताची कमान लागणार, तिचे कागदी गुलाब. ओल्या कुत्र्याचा वास, डिंकाचा, पाइपचा, कुणाच्या तरी डब्यातल्या कच्च्या माशाचा. मी म्हटलं, मला काही सांगायचं आहे. पाववाल्या बाई म्हणाल्या, "सांग की. हात चालू ठेवून सांग."

गुलाब वाईट होते. पाकळ्या कमीजास्त, तारा सुटलेल्या. बघवेना. मी एक नीट करून दाखवला, बोटीवरची गाठ मारून. मग सगळ्यांना तशी गाठ हवी. अठ्ठ्याहत्तर केले. एक आजी म्हणाल्या, "बघा गं, पाण्यातली पोर! आमच्या सुनेला येऊन तीन वर्षं झाली, अजून गुलाबाची पानकोबी करते."

नंतर काकांनी आत नेऊन कपाटाचा खण दाखवला. शेवटचा सदरा, इस्त्री केलेला, वर डांबरगोळ्या. म्हणाले, "खालचे दात बसवू नका. टोचतात." मेल्यावर? विचारलं नाही. मग बातमी कुणाला कोणत्या क्रमाने द्यायची त्याची यादी. तेलकट कागद. एक घर दोनदा आलेलं, आणि दोन घरांत माणसंच उरलेली नाहीत. असली यादी कुणाच्याही हातात पडता कामा नये. मी ती स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून दिली. एक प्रत माझ्या बॅगेत राहिली, चुकून.

वाडगा पुन्हा फिरला. दहा माणसं, एक चमचा. मी सातवी होते.

१ मार्च, रविवार

रविवारी असली पत्रं पाठवत नाहीत. बोटांचा डिंक निघत नाही. उद्या सकाळी नऊला, काहीही होवो.

२ मार्च, सोमवार

८.५०. हाताने लिहिलेलं पत्र पुन्हा वाचलं. एक स्वल्पविराम बदलला.

८.५६. वोल्तरिंकबाईंचा फोन, वृद्धाश्रमातून. पाववाल्या बाईंनी कळवलं म्हणे, हारमनचा पडदा उघडलेला नाही. "सातला उघडतो तो. चाळीस वर्षं सातला. जा, पोरी." मी म्हटलं, पाववाल्या बाई तिथेच आहेत ना? बाई म्हणाल्या, "पहिली शेजारीण असताना तिने कसं जायचं?"

पत्र बॅगेत टाकलं, बस पकडली. वाटेत बातमी सांगायची वाक्यं मनात जुळवत होते. यादीत पहिलं घर पाववाल्यांचं.

३ मार्च, मंगळवार

कालचं पुढचं.

रस्त्यावर पाच बायका हाताची घडी घालून उभ्या. आत कुणी पाहिलं का? "छे! तुझा मान आहे तो. आम्ही थांबलोय." मी समोरच्या दाराकडे पाहिलं. पाय तिकडे वळेना. मागे गेले.

कुत्रा भुंकला. घड्याळ चालू होतं. तेवढ्यात संडासातून आवाज आला, "कोणत्या दाराने आलीस?"

मागच्या, म्हटलं.

"मग जिवंत आहे मी."

रविवारच्या वडीने पोट बिघडलं, कडी अडकली. पहाटेपासून आतच. वास सोळा फेब्रुवारीपेक्षा वाईट. ही अतिशयोक्ती नाही. काका म्हणाले, "कडीचं राहू दे. आधी कागद दे. संपलाय." घरभर शोधलं, नव्हता. माझ्या बॅगेत दोन कागद : बातमीची यादी आणि नकाराचं पत्र. यादी देणं शक्यच नव्हतं.

चारही पानं दाराखालून सरकवली. थोड्या वेळाने आतून विचारलं, "शाई उमटते का गं याची?"

मग बोटीवरच्या चाकूने दाराच्या बिजागऱ्या काढल्या, काकांना धरून आणलं, धुतलं, अंथरुणात घातलं. फरशी पुसली. कुत्र्याने मध्ये लुडबुड केली, म्हणून त्यालाही धुतलं. दोनदा उमासे आले. पडदा उघडल्याबरोबर रस्त्यावरच्या बायका एकेक करून घरी गेल्या.

फरशी पुसताना मान वर केली तर समोर काकांचं वाढदिवसांचं कॅलेंडर. जून उलटून पाहिला. ९ : योरिंडे, सकाळी ६.२०. मुळात पेन्सिलने लिहिलेलं, त्यावरून शाई फिरवलेली. शाई जुनी होती. शनिवारची तरी असेल.

बारा वाजून गेले, मुदत संपली. पत्र पुन्हा आठवून लिहिता आलं असतं, पण आठवणीतून लिहिलेलं अचूक नसतं, आणि अचूक नसलेलं मी पाठवत नाही. एका ओळीची ईमेल चालते हे माहीत होतं. हेही लिहून ठेवते.

मात्र कायद्याची मुदत संपली म्हणजे माझा निश्चय संपला असं नाही. एकेकाच्या घरी जाऊन सांगत बसण्यात अर्थ नाही, तिथे वडी असते. सगळ्यांना एकदम सांगायचं, समोरासमोर, की मला येणंजाणं आवडत नाही. त्यासाठी सगळे एका ठिकाणी जमायला हवेत. पाववाल्या बाई म्हणाल्या, कॅलेंडरवरच्या त्या दिवशी सगळे माझ्याकडे येणारच आहेत. केक त्या आणतील, खुर्च्या काका देतील. मागच्या दाराने या, एवढं मी आत्ताच सांगून ठेवलंय. चमचे मात्र माझे, माणशी एक.

तेव्हा स्पष्ट सांगेन. मंगळवार, ९ जून, सकाळी दहा वाजता.