रॅम्पची किल्ली

४ फेब्रुवारी
वाचनालयाचा रॅम्प आज पुरा झाला. नवीसाठी केलाय. नवी म्हणजे गेल्या महिन्यात आमच्याकडे कॅटलॉगला लागलेली मुलगी, व्हीलचेअरवर असते. आजवर सर आणि शिपाईकाका तिला खुर्चीसकट पायऱ्यांवरून उचलून आणायचे. वर पोचल्यावर सर धापा टाकायचे आणि ती म्हणायची, सर, आज गचके जरा जास्त बसले.
रॅम्पची देखरेख सरांनी माझ्याकडे दिली. सर मार्चअखेर निवृत्त होतायत. मुख्य ग्रंथपाल म्हणून त्यांच्या खुर्चीत मीच बसणार हे उघड आहे. कोणी बोलत नाही, इतकंच.
संकल्प: नवीशी अगदी नॉर्मल वागायचं. आणि आपण नॉर्मल वागतोय हे तिच्या लक्षात येईल असं वागायचं.

५ फेब्रुवारी
नॉर्मल वागले. मोठ्याने, सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, चहा घेणार का. ती म्हणाली, पाय चालत नाहीत गं, कान ठणठणीत आहेत. सगळे हसले. गैरसमज नको म्हणून मीही हसले. घरी येईपर्यंत वाटत राहिलं, कमी हसले की जास्त?

९ फेब्रुवारी
धक्का बसला. रॅम्पवरून भलतेच लोक ये-जा करतायत! जुळ्यांची आई बाबागाडी ढकलत थेट बालविभागात. पुस्तकांचे खोके आणणारा ट्रॉलीसकट वर. पेपरवाले काका आधी पायरीपायरीवर थांबून जगाला शिव्या द्यायचे, ते आज न थांबता, शिवी न देता वर. एक धडधाकट तरुण तर नुसताच फोनवर बोलत चढला, कारण रॅम्पवर खाली बघावं लागत नाही.
बाबांनी मला शाळेत घालायच्या आधी घरीच शिकवलं. पहिला धडा अक्षरांचा नव्हता, ताटाचा होता. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलायचा नाही. दादा माझ्या ताटातला उचलायचा. मी गप्प बसायचे, कारण धडा मी शिकले होते.
हा रॅम्प म्हणजे नवीचं ताट आहे. सरांना तसं सांगितलं. सर म्हणाले, अगं, चालून चालून रॅम्प संपतो का?
याला काय उत्तर म्हणतात?

१२ फेब्रुवारी
पाटी लावली. ‘हा मार्ग फक्त अपंगांसाठी. दाखला जवळ बाळगावा. इतरांनी पायऱ्या वापराव्यात.’ ‘अपंग’ शब्द कुणाला लागेल का, या काळजीत सकाळ गेली. नवीलाच विचारलं. ती म्हणाली, ‘सगळ्यांसाठी’ असं लिही, रंगही कमी लागेल. थट्टेखोर आहे. कौतुकाने मान हलवली आणि माझंच लिहिलं.
अक्षर सुंदर आलंय.

१४ फेब्रुवारी
जुळ्यांच्या आईला पाटीचा उपयोग होतो. बाटल्यांची पिशवी अडकवते तिच्यावर.

१७ फेब्रुवारी
आई पुस्तक बदलायला आली. तिचे गुडघे म्हणजे काय सांगावं. कठडा धरधरून रॅम्प अर्धा चढली होती. मी वरून बघत होते. मनावर दगड ठेवला आणि तिला परत खाली जायला लावलं. सगळ्यांसमोर म्हटलं, आई, घरच्यांना सूट दिली तर बाहेरच्यांना काय तोंड दाखवू? पायऱ्यांनी ये.
आली. मध्ये एकदा बसली. मी वरून धीर देत होते.
नवी म्हणाली की माझ्या नावावर हे पाप घालू नकोस. मी म्हटलं, तुझ्यासाठी एवढं करणं माझं कर्तव्यच आहे.
आई घरी माझ्याशी बोलत नाही. बाबा म्हणाले, शिकवताना काहीतरी राहून गेलं माझ्याकडून. त्यांना उगाच अपराधी वाटतं. मी समजूत घातली की बाबा, तुम्ही सगळं शिकवलंत.

२० फेब्रुवारी
उपाय सापडला. रॅम्पच्या तोंडाशी फाटक, फाटकाला कुलूप, किल्ली माझ्याकडे. शिवाय स्प्रिंग बसवून घेतली, म्हणजे एकामागून दुसऱ्याने घुसायला नको. मागे आपोआप धाडकन बंद, कुलूपासकट. सर म्हणाले, कर बाई काय करायचं ते, मला सुखाने निवृत्त होऊ दे. पूर्ण विश्वास आहे त्यांचा.
नवीने बेल वाजवायची, मी धावत जाऊन उघडायचं, असं ठरवलं. तिने विचारलं, आणि तू बाथरूममध्ये असलीस तर? मी म्हटलं, जाणारच नाही. ती नुसती बघत राहिली. भारावली असावी.

२३ फेब्रुवारी
एका माणसाने किती वेळा बाहेर जावं? कधी चहा, कधी फोन, कधी नुसतं ऊन खायला. प्रत्येक वेळी मी धावते. आज प्रेमाने सुचवलं की ऊन खिडकीतूनही येतं. तिने विचारलं, जेलरबाई, माझा कैदी नंबर काय?
पाणी पिणं कमी केलंय. डोकं दुखतं.

२७ फेब्रुवारी
शिस्त लागली! नवी आता बेल वाजवतच नाही. तिच्या हातात टपरीवरचा चहा असतो, तो शिपाईकाका आणून देत असणार. मी बघते तेव्हा रॅम्प रिकामा. आणि कुणाचं काही अडलेलं नाही. जुळी पूर्वीसारखी वर येतात, खोकेही येतात. जबरदस्ती केल्याशिवाय माणसाला आपली ताकद कळत नाही. पेपरवाल्या काकांना तर हल्ली पायऱ्यांची धापही लागत नाही.

४ मार्च
आई पुन्हा वाचनालयात येऊ लागली. अबोला आहेच, पण गुडघे सुधारले. वर येते ती हसतमुख. त्या दिवशीचा व्यायाम कामी आला. तिने आभार मानायला हवेत असं नाही.

१० मार्च
सरांच्या जागेच्या मुलाखती सोळाला. नवीनेही अर्ज केलाय. करावाच, तिचा हक्क आहे. तिला आधीच सांगून ठेवलं की निकाल मनाला लावून घेऊ नकोस. ती म्हणाली, तूही.

१६ मार्च, दुपार, हॉस्पिटल
कमिटीला दाखवायला जुने बांधीव खंड खालच्या गोदामातून वर न्यायचे होते. शिपाईकाका म्हणाले, ट्रॉलीत घाला ना, रॅम्पने न्या. मी? ज्या दिवशी कमिटी माझी पारख करणार त्याच दिवशी? हनुवटीपर्यंत खंड घेऊन पायऱ्या चढले. शेवटची पायरी दिसली नाही.
घोटा मोडला.
पडल्या पडल्या पहिला विचार नवीचा आला. ती अजून यायची होती आणि किल्ली माझ्या खिशात! किल्ली, किल्ली, असं ओरडले. सगळ्यांना वाटलं डोक्यालाही मार बसला.
स्ट्रेचरवाले रॅम्पकडे वळले. मी कळवळून म्हटलं, माझ्याकडे दाखला नाही. त्यांनी शिपाईकाकांकडे बघितलं. काका म्हणाले, बाई म्हणतायत तसं करा. पायऱ्यांवरून उतरवलं. गचके कशाला म्हणतात ते आज कळलं.
इथे प्लास्टरआधी सलवार कापून फेकून दिली. खिसा गेला, किल्ली गेली.
बिचारी नवी! माझ्यामुळे तिची संधी हुकली. सरांना निरोप धाडला, दोघींच्या मुलाखती पुढे ढकला.

१८ मार्च
मुलाखती झाल्या म्हणे. नवी वेळेआधी वर हजर होती. कशी? आईला विचारलं. ती संत्रं सोलत राहिली. सोललं आणि स्वतः खाल्लं.
पुन्हा खुर्चीसकट उचलली असेल. कमिटीला दया आली असेल. मी बरी झाल्यावर माझी मुलाखत स्वतंत्र घेतील. स्वतंत्र म्हणजे जास्त वेळ.

२ एप्रिल, सकाळ, रॅम्पपाशी
कुबड्यांवर पहिला दिवस. आई सोबत आली, बोलली नाही. कुबड्यांनी पायऱ्या चढणं अशक्य. फाटकाला कुलूप. बेल वाजवली, कोणी आलं नाही.
मग जुळ्यांची आई आली. गळ्यातली किल्ली काढून फाटक उघडलं, गाडी आत घातली. मी पुढे सरकले तर तिने साधेपणाने विचारलं, दाखला आणलाय का? फाटक धाडकन बंद. स्प्रिंग उत्तम काम करते. मागून पेपरवाले काका. त्यांचीही किल्ली! खोकेवाल्याची तर दोऱ्याला बांधून ट्रॉलीलाच लटकवलेली.
मग आईने पर्स उघडली आणि किल्ली काढली. आत जाऊन मागे वळली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, घरच्यांना सूट दिली तर बाहेरच्यांना काय तोंड दाखवू?
वर व्हरांड्यात नवी आली. सरांचा चष्म्याचा डबा अजून ज्या टेबलावर आहे, ते टेबल आता तिचं. तिने वरूनच सांगितलं की कुलूप लागल्याच्या आठवड्यात तिने शिपाईकाकांकरवी किल्लीच्या नकला करवल्या आणि वाटल्या. गल्लीत किल्ली नसलेली मी एकटीच. मी डॉक्टरांचा कागद वर धरला. ती म्हणाली, तो मोडलेल्या पायाचा आहे, दीड महिन्यात जुळणाऱ्या. दाखला वेगळा असतो, तूच समजावलं होतंस ना सगळ्यांना. फाटक तोडायला उद्या माणूस येतोय, आजच्या दिवस तुझी पाटी पाळू.
म्हणजे शेवटी तिला माझं म्हणणं पटलं.
सगळ्यात खालच्या पायरीवर बसून हे लिहितेय. ऊन छान आहे. इथून पाटी अगदी समोर दिसते.
अक्षर खरंच सुंदर आलंय.